अंदमानची सहल: बोट, ऊन आणि भरती यांच्या हिशेबाने आखणी

अंदमानच्या सहलीचा आराखडा करताना बहुतेक कुटुंबे आधी पाहण्याच्या ठिकाणांची यादी करतात आणि मग ती यादी हाताशी असलेल्या दिवसांत वाटून टाकतात. जिथे रस्ता दिवसभर खुला असतो आणि गाडी आपल्या सोयीने निघते, तिथे ही पद्धत चालून जाते. अंदमानात मात्र एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेणारी बोट तिच्या ठरलेल्या वेळी सुटते आणि वारा वाढला तर सुटतच नाही. हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि काही किनारे फक्त ओहोटीला पाहता येतात, तर काही फक्त भरतीला पोहण्याजोगे असतात. म्हणून या लेखात ठिकाणांपेक्षा क्रमाला जास्त महत्त्व दिले आहे. पहिल्यांदाच आणि स्वतःच आरक्षण करून जाणाऱ्या, मुले व ज्येष्ठ यांना बरोबर नेणाऱ्या मराठी कुटुंबाला डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

कोणत्या महिन्यात जावे

दरवर्षी मे महिन्याच्या उत्तरार्धात मोसमी वारे अंदमानात दाखल झाल्याची बातमी आपल्याकडे येते आणि आपण ती आपल्या पावसाच्या आशेने वाचतो. पर्यटकाच्या दृष्टीने तीच बातमी तिकडचा हंगाम संपल्याची सूचना असते. तेव्हापासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळे तयार होऊ लागतात. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो आपल्या कोकणासारखा चार महिन्यांत न आटपता सात-आठ महिन्यांवर पसरलेला असतो.

यातून निघणारी सर्वांत महत्त्वाची सूचना दिवाळीच्या सुट्टीविषयी आहे. महाराष्ट्रातील शाळांना सुट्टी असते म्हणून असंख्य कुटुंबे याच काळात अंदमान निवडतात, परंतु समुद्राच्या दृष्टीने हा वर्षातील अनिश्चित काळ असतो. त्या दिवसांत आकाश निरभ्रही मिळू शकते आणि सलग दोन-तीन दिवस बोटी बंदही राहू शकतात. शाळेच्या सुट्टीतच जाणे भाग असेल, तर दिवाळीपेक्षा एप्रिलची अखेर किंवा मेचा पहिला आठवडा निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उकाडा खूप असतो, पण समुद्र बहुधा शांत असतो. ज्यांना सुट्टीचे बंधन नाही, त्यांनी जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ धरावा. नाताळचा आठवडा हवामानाने उत्तम असला, तरी त्या दिवसांत बोटीची आणि खोल्यांची आरक्षणे फार आधी संपतात.

विमान, ओळखपत्रे आणि बेटांची दोन-दोन नावे

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून प्रवासी जहाजे जातात आणि त्यांना साधारण अडीच ते तीन दिवस लागतात. वेळ भरपूर असलेल्यांनाच तो मार्ग सुचवता येईल. मुंबई, पुणे किंवा नागपूरहून निघणाऱ्यांना बहुधा चेन्नई, कोलकाता, बंगळूर किंवा हैदराबाद येथे विमान बदलावे लागते, आणि चेन्नई अथवा कोलकात्यापासून पुढचा प्रवास दोन-सव्वादोन तासांचा असतो. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरे तिकीट वाया जाते आणि त्यापाठोपाठ त्या दिवसाची बोटही हुकते. एकाच तिकिटावर पुढच्या विमानाची व्यवस्था करणे ही कंपनीची जबाबदारी असते.

भारतीय नागरिकांना नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी परवाना लागत नाही, परंतु शासनाने दिलेले छायाचित्र असलेले ओळखपत्र बोटीवर, हॉटेलात आणि तपासणी नाक्यांवर वारंवार दाखवावे लागते. तिकिटावरचे नाव ओळखपत्राप्रमाणेच असावे आणि लहान मुलांचीही ओळखपत्रे बरोबर ठेवावीत. परदेशी पारपत्र असलेले आप्त बरोबर येणार असतील, तर त्यांच्यासाठीचे नियम वेगळे आहेत आणि ते आरक्षणापूर्वीच तपासावेत. निकोबार बेटे सर्वसाधारण पर्यटनासाठी खुली नाहीत, त्यामुळे ‘अंदमान-निकोबार सहल’ अशी जाहिरात दिसली तरी प्रत्यक्षात ती अंदमानचीच असते.

नावांविषयी थोडी सावधगिरी बाळगावी लागते. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम करण्यात आले. रिक्षावाले, हॉटेलवाले आणि बोटीवरचे कर्मचारी अजून जुनी नावे घेतात, तर सरकारी फलकांवर व तिकिटांवर नवी नावे असू शकतात. दोन्ही नावे ठाऊक असली, तर चुकीच्या रांगेत उभे राहण्याची वेळ येत नाही. या लेखातही मी प्रचलित जुनी नावेच वापरली आहेत. विमानतळाला मात्र वीर सावरकरांचे नाव आहे. त्याची धावपट्टी नौदलाच्या तळाची असल्याने उतरताना व तळावर छायाचित्रे काढण्यास मनाई असते, आणि तशी सूचना मिळाल्यावर मोबाइल खाली ठेवावा.

दिवसांचा क्रम

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील या तीन ठिकाणांसाठी सात रात्री धराव्यात. पाच रात्रींत हे बसवणाऱ्या सहली विकल्या जातात, परंतु त्यात जवळपास रोज सामान बांधावे लागते आणि एक बोट रद्द झाली तरी सगळा क्रम कोसळतो.

पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला उतरून शहरातच राहावे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉकला जाऊन तिथे दोन रात्री घालवाव्यात. चौथ्या दिवशी हॅवलॉकहून थेट नीलला जावे, म्हणजे मध्ये पोर्ट ब्लेअरला परतण्याचा फेरा वाचतो. हे अंतर तासाभराचे किंवा त्याहून कमीच आहे. नीलवर दोन रात्री काढून सहाव्या दिवशी दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर गाठावे. सातवा दिवस पूर्ण मोकळा ठेवून त्यात रॉस बेट, चॅथमची लाकूड गिरणी आणि बाजार बसवावा, आणि आठव्या दिवशी परतीचे विमान घ्यावे.

या क्रमात बाकी काहीही बदलले तरी चालेल, परंतु परतीच्या आधीची एक रात्र, आणि शक्य असेल तर दोन रात्री, पोर्ट ब्लेअरमध्येच असायला हव्यात. सकाळची बोट पकडून त्याच दिवशी दुपारचे विमान गाठण्याचा बेत कागदावर नेटका दिसतो. पण बोट रद्द झाली, तर आठ जणांच्या कुटुंबाची परतीची तिकिटे त्याच दिवशी नव्याने, असेल त्या दराने घ्यावी लागतात. सातव्या दिवसाला मी मोकळा म्हटले आहे, ते याच कारणासाठी: समुद्र बिघडला तर तो दिवस समुद्राला द्यायचा, नाही बिघडला तर शहर निवांत पाहायचे.

बोटीची तिकिटे आणि बोटीतील प्रवास

विमानाची तिकिटे हाती आली की लगेच बोटीची घ्यावीत आणि हॉटेले त्यानंतर ठरवावीत. हा क्रम उलटा केला, तर हॅवलॉकची खोली एका तारखेची आणि बोटीतील जागा दुसऱ्या तारखेची अशी अडचण उभी राहते. खासगी वातानुकूलित बोटी हंगामात बऱ्याच आधी भरतात. सरकारी बोटी स्वस्त आहेत, पण त्यांची तिकिटे थोडेच दिवस आधी खुली होतात आणि बेटांवरच्या रहिवाशांसाठी त्याच दैनंदिन वाहतुकीचे साधन असल्याने पर्यटकाला जागा मिळेलच असे नाही. खासगी बोटीला पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड ते दोन तास लागतात, सरकारीला अडीच तासांच्या आसपास. खासगी बोटी बहुधा हॅडो धक्क्यावरून आणि सरकारी फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात. दोन्ही एकाच शहरात असल्या तरी ऐनवेळी एकीकडून दुसरीकडे पोहोचणे कठीण असते, म्हणून तिकिटावरील धक्क्याचे नाव आदल्या रात्रीच वाचून ठेवावे आणि सुटण्याच्या वेळेपूर्वी एक तास तिथे हजर राहावे. सामानाची तपासणी होते आणि वजनालाही मर्यादा असते.

ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांना बोटही लागेल असे धरून चालावे. त्यावरची गोळी प्रवासापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. ती कोणती घ्यावी, विशेषतः लहान मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांना कोणती चालेल, हे आपल्या डॉक्टरांना घरूनच विचारून ठेवावे. सकाळी उपाशी निघू नये आणि तेलकटही खाऊ नये. पोळी, केळे, बिस्किटे एवढे पुरते. जागा निवडता येत असेल, तर खालच्या मजल्यावर बोटीच्या मध्यभागी घ्यावी, कारण टोकांना आणि वरच्या मजल्यावर हेलकावे जास्त जाणवतात. मोबाइलवर वाचत बसू नये, दूर क्षितिजाकडे पाहावे.

सूर्याचे आणि भरतीचे घड्याळ

पोर्ट ब्लेअर मुंबईपेक्षा सुमारे २० रेखांश पूर्वेला आहे. दर रेखांशाला ४ मिनिटे या हिशेबाने तिथला सूर्य मुंबईपेक्षा ८० मिनिटे पुढे असतो, मात्र घड्याळ आपलेच असते. डिसेंबरात सूर्यास्त पाचच्या सुमारास होतो आणि साडेपाचला काळोख पडतो. मे महिन्यात पहाटे पाचला उजाडलेले असते. मुंबई-पुण्याच्या सवयीने नऊला न्याहारी, बाराला बाहेर पडणे आणि पाच वाजता ‘आता समुद्रावर जाऊ’ असा दिवस घालवला, तर त्या दिवसाचा उत्तम भाग झोपेत जातो आणि सूर्यास्त वाटेत गाडीतून पाहावा लागतो. बेटांवर असताना साडेचार-पाचला उठावे, साडेसहाला बाहेर पडावे, दुपारी बारा ते अडीच खोलीवर विश्रांती घ्यावी आणि तीनला पुन्हा निघावे. ज्येष्ठांना आणि लहान मुलांनाही हा क्रम मानवतो.

भरती-ओहोटीचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, दोहोंत सुमारे सव्वासहा तासांचे अंतर असते आणि वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते आणि फरक कमी राहतो. पोर्ट ब्लेअरला उधाणात हा फरक सुमारे २ मीटरपर्यंत जातो. कोकणात तिथीच्या पाऊणपटीवरून भरतीची वेळ काढण्याची जी रीत आहे, ती मात्र तिकडे लावू नये. प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी असते, आणि आपल्या बाजूचा हिशेब बंगालच्या उपसागरात चुकतो. उधाण-भांगाची कल्पना तिथीवरून घ्यावी, प्रत्यक्ष वेळा पोर्ट ब्लेअरच्या भरतीच्या तक्त्यावरून घ्याव्यात. हे तक्ते मोबाइलवर सहज मिळतात, आणि हॉटेलात विचारले तरी त्या दिवसाच्या वेळा सांगतात.

या वेळांचा उपयोग नीलवर सर्वांत जास्त होतो. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरील नैसर्गिक दगडी कमानीपर्यंत जाण्याची वाट ओहोटीलाच मोकळी होते, आणि त्याच वेळी खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, रंगीत मासे आणि जिवंत प्रवाळ दिसतात. भरती लागली की ती वाट पाण्याखाली जाते. याउलट भरतपूरचा किनारा पोहण्यासाठी आणि काचेच्या तळाच्या बोटीसाठी चांगला असला, तरी ओहोटीला तिथे पाणी इतके उतरते की बोटी चालत नाहीत आणि चालणाऱ्याचे पाय प्रवाळावर पडतात. म्हणजे कमान ओहोटीच्या तासात आणि भरतपूर पाणी चढलेले असताना. हे दोन वेगळ्या वेळांना करायचे, इतके ध्यानात ठेवले तरी नीलचा दिवस नीट लागतो. हॅवलॉकच्या विजयनगर किनाऱ्यालाही हाच नियम लागतो: ओहोटीला पाणी दूरवर मागे सरते आणि पोहण्याजोगी खोली उरत नाही.

हॅवलॉक आणि नील

या दोन्ही बेटांवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबे वसवण्यात आली. राधानगर, गोविंदनगर, विजयनगर ही हॅवलॉकची नावे आणि सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर ही नीलची नावे त्या वसाहतींची आहेत. घरांत बंगाली बोलली जाते, मात्र हिंदीने सर्व व्यवहार होतो.

राधानगरचा किनारा सूर्यास्तासाठी आहे, आणि धक्क्याच्या परिसरातील हॉटेलांपासून तो दहा-बारा किलोमीटरवर असल्याने हिवाळ्यात तीन-सव्वातीनला निघावे. २०२० मध्ये त्याला स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले. येथे कपडे बदलण्याची आणि स्वच्छतागृहांची सोय आहे. वाळू मऊ आणि उतार सौम्य असला तरी हा मोकळ्या समुद्राचा किनारा आहे. जीवरक्षकाने दाखवलेल्या हद्दीतच उतरावे, कमरेपेक्षा खोल पाण्यात जाऊ नये आणि अंधार पडल्यावर पाण्यात मुळीच राहू नये. नीलवर सूर्योदय सीतापूरला आणि सूर्यास्त लक्ष्मणपूरला पाहतात. बेट लहान आहे आणि रस्ते सपाट, त्यामुळे सायकल पुरते. दुचाकी घेतल्यास परवाना आणि हेल्मेट दोन्ही बरोबर हवेत.

अंदमानच्या खाड्यांत आणि खारफुटीत खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. असे प्रसंग विरळ आहेत आणि त्यासाठी सहल टाळण्याचे कारण नाही. मात्र ओढा समुद्राला मिळतो तिथे, खारफुटीजवळ आणि सावधानतेचा फलक असेल तिथे पाण्यात पाय घालू नये. जाळे लावलेली हद्द काही किनाऱ्यांवर असते, तिच्या बाहेर जाऊ नये. पहाटे आणि संध्याकाळी वाळूवर बसल्यास वाळूमाश्या चावतात. चावा त्या वेळी जाणवत नाही, पण नंतर अनेक दिवस खाज राहते. पाय झाकणारे कपडे, कीटकरोधक मलम आणि बसायला जाड चादर एवढ्याने बराच बचाव होतो.

प्रवाळ पाहण्यासाठी हॅवलॉकवरून एलिफंट किनाऱ्यावर जातात. धक्क्यावरून सुटणारी बोट अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते. जंगलातून पायवाटही आहे, पण पावसानंतर ती चिखलाची होते. सकाळच्या पहिल्या बोटीने जावे, कारण तेव्हा पाणी स्वच्छ असते आणि गर्दीने तळाची वाळू ढवळलेली नसते. पाण्याचे तापमान वाढल्यामुळे २०१० मध्ये अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले, आणि उथळ भागांत त्या हानीच्या खुणा आजही आढळतात. म्हणून उरलेल्या प्रवाळावर उभे राहणे, आधारासाठी तो धरणे किंवा माशांना पाव टाकणे हे कुणी सुचवले तरी करू नये. उन्हापासून बचावासाठी भरपूर मलम चोपडण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. पाठ भाजत नाही आणि मलम पाण्यात मिसळत नाही.

स्कूबा डायव्हिंगचा पहिला अनुभव घ्यायचा असेल तर पोहता येणे आवश्यक नसते, पण आरोग्याची प्रश्नावली प्रामाणिकपणे भरणे आवश्यक असते. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असल्यास ते लपवून पाण्यात जाऊ नये. सर्दी असेल तर त्या दिवशी बेत रद्द करावा, कारण खोल पाण्यात कानातील दाब समान करता येत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. दहा वर्षांखालील मुलांना नेऊ नये. आरक्षणापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: प्रत्येक नवख्यामागे एक प्रशिक्षक पाण्यात असेल का, आधी उथळ पाण्यात सराव करून घेतात का, आणि किनाऱ्यावर किंवा बोटीवर प्राणवायूची सोय आहे का. पाण्याखाली श्वास रोखून धरायचा नाही, हा नियम इतर सर्व सूचनांच्या आधी लक्षात ठेवावा. डायव्हिंगनंतर विमानप्रवासापूर्वी निदान १८ तास जाऊ द्यावेत, २४ तास गेले तर अधिक चांगले. वर दिलेल्या क्रमात डायव्हिंग तिसऱ्या दिवशी येते, त्यामुळे ही अडचण उरत नाही.

सेल्युलर जेल

मराठी प्रवाशांपैकी अनेकजण मुळात या जागेसाठीच अंदमानला जातात, आणि तरीही घाईच्या सहलीत तिला तास-दीड तास मिळतो. निदान अर्धा दिवस द्यावा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून फुटणाऱ्या सात इमारती होत्या; आज त्यांपैकी तीन उभ्या आहेत. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांचे तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे येईल अशी रचना होती, म्हणजे एका बंदिवानाला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये. ही रचना मनोऱ्याच्या गच्चीवरून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून जिने चढता येत असतील त्यांनी गच्चीवर जावेच. विनायक दामोदर सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत येथे होते, आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासूनच येथे बंदिवान होते. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्याच्या टोकाला आहे. तेल काढण्याचा कोलू आणि फाशीघर खाली अंगणाच्या बाजूला आहेत.

माझी सूचना अशी की, पहिल्या दिवशी विमानातून उतरून जेवण झाल्यावर दुपारी वाटाड्याबरोबर जेल पाहावे आणि त्याच संध्याकाळचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम पाहावा. इमारतीचा नकाशा मनात बसलेला असला, तर कार्यक्रमातील निवेदन कोणत्या भिंतीविषयी आहे हे समजते. कार्यक्रमाचे तिकीट वेगळे असते, हिंदी आणि इंग्रजीचे खेळ वेगळे असतात, आणि हंगामात जागा लवकर भरतात. सुट्टीचा वार आणि वेळा आधी तपासून घ्याव्यात. अंगणात सावली कमी आहे, तेव्हा टोपी आणि पाणी बरोबर हवे. मुलांना नेण्यापूर्वी घरीच थोडी माहिती सांगितली, तर ती तिथे स्वतःहून प्रश्न विचारतात.

सातव्या दिवशीच्या रॉस बेटावर ब्रिटिशांच्या प्रशासकीय वसाहतीचे अवशेष आहेत. १९४१ च्या भूकंपाने ती मोडकळीस आली आणि १९४२ मध्ये जपान्यांनी बेटे घेतली. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला ध्वज फडकवला, तो याच काळात. बोटी अ‍ॅबरडीन धक्क्यावरून सुटतात आणि परतीची वेळ ठरलेली असते, ती चुकवू नये.

बाराटांगविषयी

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला जाण्यासाठी पहाटे तीनच्या सुमारास निघून जिरकाटांग नाक्यावर रांगेत थांबावे लागते. तिथून पोलिसांच्या देखरेखीत गाड्यांचा काफिला जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. पुढे खाडी ओलांडून खारफुटीतून बोटीने जायचे आणि मग चालायचे. संपूर्ण दिवस जातो आणि ज्येष्ठांना तो फार थकवणारा असतो.

थकव्यापेक्षा मोठे कारण वेगळे आहे. जारवा हे काहीशे लोकांचा लहानसा समाज आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते बाहेरच्यांपासून दूर होते आणि संपर्कानंतर त्यांच्यात गोवराच्या साथी आल्या. राखीव क्षेत्रातून जाणारा हा रस्ता बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. माणसांना पाहण्यासाठी गाडीची काच खाली करणे हे पर्यटन असू शकत नाही, आणि ‘जारवा दिसतील’ असे सांगून विकली जाणारी सहल घेऊ नये. पहिल्या भेटीत बाराटांग वगळावे, असेच मी सुचवेन. तो दिवस वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाला द्यावा. तिथून जॉली बॉय किंवा रेडस्किन बेटावर नेतात आणि प्लास्टिकच्या वस्तू नेऊ देत नाहीत. तरीही बाराटांगला गेलात तर राखीव क्षेत्रात गाडी थांबवणे, छायाचित्र किंवा चित्रफीत काढणे, खाण्याचे पदार्थ देणे हे सर्व गुन्हे आहेत आणि १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमाखाली त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. बाहेरच्यांशी संपर्क नसलेले आदिवासी राहतात त्या उत्तर सेंटिनेल बेटाभोवतीच्या ५ सागरी मैलांच्या आत जाण्यासही मनाई आहे. कोणी नावाडी तसे नेण्याची तयारी दाखवत असेल, तर त्याच्याशी बोलणे थांबवावे.

पैसे, फोन, जेवण, औषधे

चेन्नईहून आलेली समुद्राखालची केबल १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाल्यापासून पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकचे जाळे बरेच सुधारले आहे, पण नीलवर आणि किनाऱ्यांवर ते अधूनमधून जाते. बोटीची, विमानाची व हॉटेलची तिकिटे छापून घ्यावीत. मोबाइलवरून पैसे देता येतील या भरवशावर न राहता चार-पाच दिवसांचा किरकोळ खर्च रोखीने बरोबर ठेवावा. एटीएम हॅवलॉकवर मोजकी आहेत आणि त्यांतील रोकड संपलेली असू शकते.

शाकाहारींची पोर्ट ब्लेअरमध्ये अडचण होत नाही, दाक्षिणात्य आणि उत्तर भारतीय थाळी सर्वत्र मिळते. लहान बेटांवर एकाच भट्टीवर मासे आणि भाजी होतात, तेव्हा कडक पथ्य असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे आणि दशम्या, चिवडा, लाडू असा कोरडा खाऊ बरोबर ठेवावा. मासे खाणाऱ्यांनी मोठ्या हॉटेलांऐवजी हॅवलॉकच्या गोविंदनगर बाजारातील साध्या खानावळींत बंगाली पद्धतीची माशांची थाळी खावी. शहाळी भरपूर आणि उत्तम मिळतात.

नेहमीची औषधे पूर्ण दिवसांची आणि वर तीन दिवसांची जास्त घ्यावीत. मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे; हॅवलॉक व नील येथे प्राथमिक उपचार होतात, पण गंभीर रुग्णाला पोर्ट ब्लेअरला हलवावे लागते आणि त्यालाही समुद्र ओलांडावाच लागतो. नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा प्रकृती अस्थिर असलेल्यांनी हे लक्षात घेऊन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निघावे. पायात घट्ट बसणाऱ्या रबरी चपला असाव्यात, कारण ओहोटीच्या खडकांवर अनवाणी चालल्यास प्रवाळाने पाय कापतात आणि खाऱ्या पाण्यात ती जखम लवकर भरत नाही.

परतताना

किनाऱ्यावर पडलेले शंख, शिंपले आणि मेलेल्या प्रवाळाचे तुकडे मुलांना उचलावेसे वाटतात. ते उचलू देऊ नयेत. प्रवाळाला आणि शंखांच्या कित्येक जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. तुकडा आधीच तुटलेला होता, हे स्पष्टीकरण चालत नाही. विमानतळावरील तपासणीत ते सापडतात, काढून घेतले जातात आणि कारवाईही होऊ शकते. रिकाम्या शंखांत साधूखेकडे राहतात, त्यामुळे उचललेला शंख अनेकदा कुणाचे तरी घर असते. पोहण्याच्या पिशव्या आणि मुलांचे खिसे निघण्याच्या आदल्या रात्री एकदा झाडून पाहावेत. शिंपल्यांच्या वस्तू विकत घ्यायच्याच असतील, तर परवानाधारक दुकानातूनच घ्याव्यात, वस्तूचा उल्लेख असलेले बिल मागून घ्यावे आणि ते मोठ्या सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावे, म्हणजे तपासणीच्या वेळी लगेच दाखवता येते.